युद्ध लवकर संपतं म्हणून अणुबॉम्ब टाकणं योग्य ठरतं का?

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले नसते तर जपानवर चढाई करावी लागली असती आणि दोन्हीकडची लाखो माणसं मेली असती. मग ज्या बॉम्बने युद्ध संपलं त्याला अनैतिक कसं म्हणायचं? आणि उद्या एखादं वर्षानुवर्षं रेंगाळलेलं युद्ध एका अणुबॉम्बने संपणार असेल, तर तो न टाकणं हेच पाप नव्हे का?

मी २८ वर्षं पायदळात होतो. शेवटची ५ वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धाचे कायदे शिकवण्यात गेली. दर तुकडीत कुणीतरी हा प्रश्न विचारायचंच, आणि विचारणारा बहुधा वर्गातल्या सगळ्यात विचारी मुलांपैकी असायचा. वर्गात बोलायचो तसंच इथे लिहितो. माझं मत आधीच सांगतो: दोन्ही बॉम्ब टाकणं चूक होतं, आणि नागासाकीबद्दल तर माझ्या मनात कसलीच शंका नाही. पण त्या मतापर्यंत जाताना तुमच्या बाजूचं बरंच काही खरं आहे हे मान्य करावं लागतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. ते ब्रह्मदेशात लढले. १९४५च्या ऑगस्टमध्ये मलायाच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या मोहिमेची तयारी चालली होती आणि त्यांची पलटण त्या तयारीत होती. जपानने शरणागती पत्करली, त्यामुळे सप्टेंबरमध्ये हिंदी सैनिक त्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा समोरून गोळीबार झाला नाही. तात्या आयुष्यभर म्हणायचे, "तो बॉम्ब पडला म्हणून मी घरी आलो." हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. त्यामुळे बॉम्बची बातमी ऐकून ज्या सैनिकांना हायसं वाटलं त्यांना मी कधीच निर्दय म्हणणार नाही. शिवाय युद्ध लांबतं तेव्हा फक्त आपले सैनिक मरत नाहीत. चीनमध्ये, जावामध्ये, व्हिएतनाममध्ये, जपानी कैदेतल्या छावण्यांमध्ये माणसं रोज मरत होती. "आणखी थोडे महिने थांबायला हवं होतं" असं सहज म्हणणाऱ्याने या माणसांचाही हिशेब द्यायला हवा.

आता मूळ अडचणीकडे येऊ. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बॉम्बमुळे युद्ध संपलं का, हा इतिहासाचा प्रश्न. संपलं असेल तर त्यासाठी तो टाकणं योग्य होतं का, हा नीतीचा. बहुतेक वाद पहिल्यावरच होतात आणि दुसरा त्यातून आपोआप सुटला असं धरून चालतात. तो तसा सुटत नाही.

पहिला प्रश्न आधी घेतो. १ एप्रिल १९४५ला अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या. जवळजवळ तीन महिने चाललेल्या त्या लढाईत १२ हजारांहून जास्त अमेरिकन मेले, जपानी सैनिक त्याच्या कितीतरी पट मेले, आणि बेटावरचे सामान्य लोक तर प्रचंड संख्येने. क्यूशू बेटावरची चढाई १ नोव्हेंबरला ठरलेली होती. ओकिनावा पाहिलेल्या कुठल्याही सेनापतीच्या अंगावर त्या तारखेने काटा आला असेल. तेव्हा चढाईची भीती खरी होती. मात्र चढाईत अमेरिकेची "दहा लाख" माणसं गेली असती हा आकडा ज्या खात्रीने आज सांगितला जातो ती खात्री नंतरची आहे. युद्धकाळातले अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९४७मध्ये लेख लिहून बॉम्बचं समर्थन केलं, त्यात तो ठळकपणे आला. तोही मृत आणि जखमी मिळून होता, नुसत्या मृतांचा नव्हता.

मग युद्ध संपलं कशाने? ६ ऑगस्टला हिरोशिमा. ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने युद्ध पुकारलं आणि त्या मध्यरात्रीनंतर त्यांच्या फौजा जपानच्या ताब्यातल्या ईशान्य चीनमध्ये, म्हणजे मांचुरियात, घुसल्या. ९ तारखेला सकाळी टोकियोत युद्धमंडळाची बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. ती बातमी ऐकल्यावरही सहा जणांचं मंडळ तीन विरुद्ध तीन असंच अडलेलं राहिलं. शेवटी त्या रात्री सम्राटाने शरणागतीच्या बाजूने कौल दिला. १५ ऑगस्टच्या प्रजेला उद्देशून केलेल्या भाषणात त्याने नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख केला. दोनच दिवसांनी सैनिकांसाठी काढलेल्या आज्ञापत्रात मात्र बॉम्ब नाही, सोव्हिएत संघाच्या युद्धप्रवेशाचं कारण आहे. माझं वाचन असं की दोन्ही धक्के एकावर एक बसले आणि त्यातला एकच वेगळा काढून "यानेच संपलं" असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. सैन्यात कुठल्याही कारवाईआधी अधिकाऱ्याला परिस्थितीचा लेखी आढावा घ्यावा लागतो. त्यात आपल्यापुढे कोणते मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत काय, हे मांडायचं असतं. नवखा अधिकारी हमखास एक चूक करतो. त्याचा मार्ग आधीच ठरलेला असतो, मग तो शेजारी एकच दुसरा मार्ग लिहितो, तोही इतका भयंकर की पहिला आपोआप शहाणपणाचा दिसावा. असे कागद मी लाल शाईने परत पाठवायचो. "बॉम्ब किंवा चढाई" हा तसला कागद आहे. चढाईला अजून जवळजवळ तीन महिने होते. नाकेबंदीने जपानची बंदरं आणि जहाजं जवळपास ठप्प झाली होती. सोव्हिएत फौजा येणार हे अमेरिकेला माहीत होतं. आणि सम्राटपद राहील असं आश्वासन देण्याचा मार्ग होता. जपानला शरण यायला सांगणाऱ्या २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात ते आश्वासन दिलं नाही. १० ऑगस्टला जपानने नेमकी तीच अट घातली, आणि शेवटी सम्राट गादीवर राहिलाच. हे आधी दिलं असतं तर जपान झुकला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्यांच्या लष्करातले कट्टर लोक १४ ऑगस्टच्या रात्रीसुद्धा बंड करायला निघाले होते. पण माणसांनी भरलेल्या शहरावर असलं अस्त्र टाकण्याआधी हा मार्ग वापरून पाहणं ही किमान जबाबदारी होती.

आता दुसरा प्रश्न, माझ्या दृष्टीने खरा. वादापुरतं तुमचं सगळं खरं धरू. बॉम्बनेच युद्ध संपलं, आणि दुसरा मार्ग नव्हता. तरी?

ईशान्येकडच्या एका कारवाईत आम्ही एका घराला वेढा घातला होता. आत एक बंदूकधारी होता. त्याची आई आणि बहीण थोड्या वेळापूर्वी बाहेर येऊन आमच्या ताब्यात होत्या. पहाटेचे तीन वाजले असतील. माझ्या एका सहकाऱ्याने हळूच सुचवलं, म्हातारीला अंगणात उभी करू, तिच्या डोक्याला बंदूक लावू, दोन मिनिटांत तो हात वर करून येईल. त्याचं बरोबर होतं, तो बहुधा आलाच असता. मी नाही म्हटलं. उजाडेपर्यंत थांबलो, चकमक झाली, आणि माझ्या एका जवानाच्या मांडीतून गोळी गेली. तो आजही लंगडत चालतो. म्हातारीचा वापर केला असता तर त्याचा पाय वाचला असता, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे.

हा प्रसंग मी वर्गात सांगायचो तेव्हा एकही अधिकारी "म्हातारीला उभं करायला हवं होतं" असं म्हणायचा नाही. मग मी विचारायचो, का नाही? उपाय चालला असता, रक्त कमी सांडलं असतं. थोडी शांतता व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, "सर, तिने काय केलं होतं?" चकमकीत भिंतीतून गोळी आरपार जाऊन कुणी निरपराध मेलं, तर ते दुःख आहे, कधी हलगर्जीपणाही आहे. पण निरपराधाच्या मरणाचाच दट्ट्या करून दुसऱ्याला झुकवणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात त्याचा मृत्यू टळला तर आपल्याला आनंदच होतो. दुसऱ्यात त्याला काही झालं नाही तर आपला डाव फसतो.

हिरोशिमा यातलं कुठलं होतं? कागदच बोलतात. ३१ मे १९४५ला अमेरिकेच्या अंतरिम समितीची, म्हणजे अणुबॉम्बबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या समितीची, बैठक झाली. पूर्वसूचना द्यायची नाही, आणि जास्तीत जास्त रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम व्हावा असं पाहायचं, असं तिथे ठरलं. सगळ्यात योग्य लक्ष्य म्हणून काय नोंदलं गेलं? भरपूर कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धसाहित्याचा कारखाना. त्या वाक्यातली घरं चुकून आलेली नाहीत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २५ जुलैला रोजनिशीत लिहिलं की लक्ष्य सैनिक असतील, बायका-मुलं नव्हेत. ९ ऑगस्टच्या भाषणात त्यांनी हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. तिथे लष्कराचं मोठं मुख्यालय होतं, हजारो सैनिक होते, हे खरंच आहे. पण एक सैनिक म्हणून मला सांगा, ते इतकं महत्त्वाचं लष्करी लक्ष्य होतं तर ऑगस्टपर्यंत त्याच्यावर मोठा हल्ला का झाला नाही? साठाहून जास्त जपानी शहरं तोवर आगीच्या बॉम्बनी जाळून झाली होती. हिरोशिमा मुद्दाम राखून ठेवलं होतं, नव्या अस्त्राचा परिणाम कोऱ्या पाटीवर स्पष्ट दिसावा म्हणून. नेमबाजाने ऐओई पुलावर नेम धरला, म्हणजे शहराच्या मध्यावर. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बॉम्ब साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला, त्याच्या बरोबर खाली एक दवाखाना होता. त्या सकाळी १२-१३ वर्षांची हजारो शाळकरी मुलं घरं पाडून आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्या करण्याच्या कामावर उघड्यावर होती. जबरदस्तीने आणलेले कोरियन मजूर होते. बारा अमेरिकन युद्धकैदीसुद्धा होते. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

यावर वर्गात हमखास येणारी शंका: मार्चमध्ये टोकियोत एका रात्री आगीच्या बॉम्बनी जवळपास एक लाख माणसं जाळली, मग अणुबॉम्बचंच एवढं काय? शंका बरोबर आहे, फक्त तिचा निष्कर्ष उलटा काढला जातो. टोकियोही चूकच होतं. एक चूक रोजची झाली की तिच्यापेक्षा मोठी चूक करताना हात थरथरत नाही, हे मी छोट्या प्रमाणावर प्रत्यक्ष पाहिलं आहे.

आणि अणुबॉम्ब एका बाबतीत वेगळा आहेच. त्या दिवशी आईच्या पोटात असलेली काही मुलं लहान डोक्याची, बौद्धिक वाढ खुंटलेली जन्मली. जगलेल्यांमध्ये काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग वाढला. आपल्याकडे महाभारताच्या सौप्तिक पर्वात हीच गोष्ट आहे, आणि मला ती कुठल्याही पाश्चात्त्य ग्रंथापेक्षा जास्त समजते. झोपलेल्यांना मारून आलेला अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. ते रोखायला अर्जुनही सोडतो. ऋषी मध्ये पडतात तेव्हा अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि तो ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. अस्त्र मागे घेण्याची विद्या ज्याला येत नाही त्याच्या हाती ते असणं, यालाच व्यासांनी अधर्माचं टोक मानलं आहे.

हे अस्त्र मागे न घेता येणं नागासाकीत दिसतं. बॉम्बहल्ल्याचा लेखी हुकूम २५ जुलैला निघाला, म्हणजे पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी. त्यात हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी अशी चार नावं होती, आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकत जावेत, असं लिहिलं होतं. म्हणजे दुसऱ्या बॉम्बचा वेगळा निर्णय कुणी घेतलाच नाही. हिरोशिमात काय झालं हे टोकियोला नीट कळायच्या आत, सोव्हिएत हल्ल्याचा परिणाम पाहायच्या आत, तीनच दिवसांत विमान निघालं. ठरलेलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे तीन घिरट्या घालूनही धूर आणि ढगांमुळे नेम दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. १० ऑगस्टला ट्रूमन यांनी आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय आणखी बॉम्ब टाकायचा नाही असा हुकूम दिला. आणखी एक लाख माणसं, त्यातली ती सगळी मुलं, हा विचार त्यांना सोसवत नाही, असं त्यांनी मंत्रिमंडळात सांगितल्याची नोंद एका मंत्र्याच्या रोजनिशीत आहे. तो विचार चार दिवस आधी झाला असता तर, हे वाक्य मी वर्गात कधी पुरं करू शकलो नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९६३मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने हे हल्ले त्या वेळच्याही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होते असा निकाल दिला, पण पीडितांना भरपाई मिळाली नाही. १९९६मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या कायद्याविरुद्ध आहे असं मत दिलं. राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलेलं असेल तेव्हा काय, यावर मात्र न्यायालयाला ठाम सांगता आलं नाही. मतं सात-सात पडली होती आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते झालं.

न्यायाधीश जिथे अडले तिथे मीही अडतो. परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी इथेच आहेत. भर समुद्रात, वस्तीपासून शेकडो मैल दूर, फक्त शत्रूचं आरमार असेल तर शहराला लागू होणारा माझा मुद्दा तसाच लागू होत नाही. तिथे प्रश्न उरतो तो पुढच्या भडक्याचा. आणि अख्खी जमातच संपवली जाणार असेल तर काय, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमच्या प्रश्नातलं राष्ट्र त्या स्थितीत नाही. तुम्ही म्हणताय "रेंगाळलेलं युद्ध लवकर संपवायला". १९४५च्या अमेरिकेचं अस्तित्वही पणाला नव्हतं, ती जिंकत होती. लवकर आणि स्वस्तात जिंकण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्याला मिळणारी सूट तिला मिळू शकत नाही.

आजच्या बाबतीत आणखी एक फरक आहे, तो साधा हिशेबाचा आहे. १९४५मध्ये हे अस्त्र एकाकडेच होतं, आणि तिसरा बॉम्ब १७-१८ ऑगस्टच्या आधी तयार होणार नव्हता. आज नऊ देशांकडे ते आहे आणि एकेका बॉम्बची ताकद हिरोशिमाच्या कित्येक पट असू शकते. "एक टाकला की संपेल" हे वाक्य ज्याच्यावर टाकणार त्याच्याकडे किंवा त्याच्या मित्राकडे उत्तर नसेल तरच खरं.

आपल्या देशाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना शिकवणं होईल. २००३मध्ये जाहीर झालेलं भारताचं धोरण सांगतं की आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नातला वापर, युद्ध संपवायला आपणहून टाकणं, आपण नाकारलेला आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. त्याच धोरणात असंही आहे की कुणी आपल्यावर टाकला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. माझ्याच तर्काने पाहिलं तर ते प्रत्युत्तर शहरांवर असेल तर तेही त्या म्हातारीला अंगणात उभं करणंच आहे. ही धमकी खरी वाटल्यामुळेच युद्ध टळतं, असं माझे जाणते सहकारी सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण या गाठीने मला अनेक रात्री जागवलं आहे.

शेवटी एक, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी तुमच्या प्रश्नाच्या पाठोपाठ वर्गात नेहमी हेच यायचं: "सर, ऑर्डर आली तर?" आपल्या १९५०च्या सेना अधिनियमात कलम ४१ आहे. वरिष्ठाचा हुकूम न मानल्याची शिक्षा त्यात आहे, पण तिथे "कायदेशीर हुकूम" असा शब्द आहे. मी तो शब्द फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचो. एकदा एका मुलीने, नुकतीच कॅप्टन झालेली, मला थेट विचारलं की तुम्ही त्या विमानात असता तर नाही म्हटलं असतं का. मी तिला खरं ते सांगितलं. विमानात बसल्यावर, इंजिन चालू झाल्यावर, माझ्या आजोबांच्या भावाचा जीव त्या मोहिमेवर अवलंबून आहे असं कुणी कानात सांगितल्यावर, मी नाही म्हणू शकलो असतो असं मला वाटत नाही. म्हणूनच मी तिला २५ जुलैचा तो हुकूम वाचायला दिला, आणि एक स्वाध्याय: त्यावर सही होण्याआधी कोणकोणत्या टेबलावर कुणाला "थांबा" म्हणता आलं असतं, त्यांची यादी करून आण. तिने अकरा नावं आणली. तुम्हीही करून पाहा.